लहान पोट घेऊन गोव्यात: वजनाच्या ऑपरेशननंतर सुट्टीत काय खावं, काय प्यावं

आमचं घर फोंड्याजवळ. त्यामुळे मे महिन्यात आणि डिसेंबरात आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतोच. चार वर्षांपूर्वी माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या माझ्या मावसभावाची बायपास झाली. (हृदयाची नव्हे, पोटाची. हे दर लग्नात नव्याने सांगावं लागतं.) तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक फोन करतात: "ताई, गोव्याला येतोय, ऑपरेशनला सहा महिने झाले, काय खाऊ?" तेच ते फोनवर सांगून जीभ दुखली, म्हणून एकदाचं लिहून काढते.

माझा अनुभव असा, की गोव्याचं रोजचं घरगुती जेवण आपल्या लहान पोटाला छान मानवतं. मासा, मूग, आळसाणे (चवळीसारखं कडधान्य), तांबडी भाजी, पेज, यांत भिण्यासारखं फारसं काही नाही. घात होतो तो न चावता खाली उतरणाऱ्या गोष्टींनी: गोड रस, हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू), बिअर, सेरादुरा (क्रीम-बिस्किटाचं गोड), आइस्क्रीम. त्यामागचं कारण समजून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जेमतेम 30 मिलिलिटरचा पाऊच करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत घट्ट अन्न त्या छोट्या जागेत थांबतं आणि "बास" असा निरोप देतं. पातळ आणि विरघळणारे पदार्थ थांबतच नाहीत, त्यामुळे निरोपही येत नाही. बाराशे कॅलरी पोटात गेल्या तरी पोट गप्प. सुट्टीत हे फार पटकन होतं, कारण सुट्टीत माणूस जेवतो कमी आणि घोट घोट पितो जास्त.

जायचं कधी

ऑपरेशननंतर आधी पाण्यासारखं पातळ, मग दाटसर पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न अशा पायऱ्या असतात. तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल तर तेच पाळा. मी सगळ्यांना सांगते, तीन महिने होऊ द्या. नेहमीचं अन्न सुरू झाल्यावर काय सोसतं आणि काय अडकतं हे कळायलाच महिनाभर जातो, आणि ते शिकणं घराच्या मोरीजवळ बरं, कळंगुटच्या शॅकमध्ये नव्हे. लवकर निघावंच लागलं तर सर्जनला विचारा. पहिल्या काही आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, आणि लांबच्या गाडीत तासन्‌तास बसणं त्यात भर घालतं.

महिनाही बघून ठरवा. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा ताटात येणारा मासा बरेचदा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो. मासळीच्या भरवशावर प्रथिनं मोजणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा. मार्च ते मे हा काजूचा हंगाम. त्याची मजा वेगळी आणि धोकेही वेगळे, त्यांच्याकडे पुढे येते.

पिशवीत काय

कपडे कमी घ्या, हे घ्या: प्रथिनाच्या पावडरीच्या दिवसागणिक पुड्या आणि शेकर, अर्ध्या लिटरचा सिपर, एक लहान चमचा (घरातल्या बाळाचा असेल तर उत्तम) आणि स्टीलची एक छोटी वाटी. हॉटेलातला चमचा म्हणजे आपल्यासाठी फावडं. त्याने खाल्लं की दोन घासांत अंदाज चुकतो.

गोळ्या दिवसांच्या डबीत भरून घ्या. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, बी-12, डी, लोह, जे काही लिहून दिलं असेल ते सगळं. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. "चार दिवस नाही घेतल्या तर काय होतं" हा विचार सुट्टीत प्रत्येकाच्या मनात येतो, आणि चार दिवसांचे बघता बघता चार महिने होतात. डबी गाडीत ठेवू नका. इथल्या उन्हात बंद गाडीची भट्टी होते.

दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि तत्सम गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतो, आणि बायपासवाल्यांना तर जोडाच्या जागी व्रणाची विशेष भीती असते. दिवसभर चालून पाय दुखले म्हणून सोबतचा कुणीतरी प्रेमाने पाकिटातून गोळी काढून देतो. ती घेण्याआधी नाव वाचा.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, सर्जनचा फोन नंबर, हे एका कागदावर लिहून पाकिटात. आणखी एक खास गोव्याची गोष्ट: दुपारी एक ते साडेतीन-चारपर्यंत गावागावांतली पुष्कळशी दुकानं बंद असतात आणि त्यांत औषधांचीही असतात. जे घ्यायचं ते सकाळीच घ्या.

वाटेत

घाटमाथ्यावरून गाडीने येणाऱ्यांना बहुधा अंबोली, चोर्ला किंवा अनमोड यांपैकी एखादा घाट लागतो. वळणांवर मळमळण्याची सवय असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घाटाआधी अर्धा-पाऊण तास घ्या. घाटापूर्वी पोटभर नाश्ता हे आपल्या बाबतीत "पोटभर"च्या नव्या व्याख्येनेही जास्त होतं.

रेल्वेत वडा, कटलेट, टोमॅटो सूप, गुलाबजाम असं दर दहा मिनिटांनी समोरून जात राहतं. कोकण रेल्वेवर मांडवी एक्स्प्रेसची पँट्री तर खवय्यांत प्रसिद्ध आहे. तिथे ऑम्लेट मिळतं, ते पावाशिवाय घ्या. घरून उकडलेली अंडी, पनीरचे भाजलेले तुकडे किंवा मुगाचं घट्ट धिरडं आणलं असेल तर सोन्याहून पिवळं. सूप हा पदार्थ आपल्या लोकांना उगाच निरुपद्रवी वाटतो. त्या कपात असतं बहुतेक मीठ, साखर आणि कॉर्नफ्लोअर.

दर तासा-दीड तासाने उठून डब्यात एक फेरी मारा.

पाण्याचं गणित

या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलते असं घरचे म्हणतात. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात इथे येऊन आजारी पडलेले जे माझ्या माहितीतले आहेत, ते जेवणाने आजारी पडले नाहीत, पाणी कमी पडल्याने पडले.

आपल्याला दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागतं. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो, त्यामुळे दोनच्या पुढेच धरा. अडचण अशी, की तहान लागली म्हणून आपण गटागट तांब्या रिकामा करू शकत नाही. त्यात जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. म्हणजे दिवसाचे खरे "पिण्याचे तास" उरतात आठ-नऊ. तासाला पाव लिटर धरा: अर्ध्या लिटरचा सिपर दोन तासांत संपला पाहिजे. मी मोबाइलवर गजर लावते. किनाऱ्यावर माणसाला वेळेचं भान राहत नाही. लघवी गडद पिवळी झाली, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशीचं फिरणं थांबवून सावलीत बसा आणि ओआरएस घोटाघोटाने घ्या. पाकिटावर लिहिलेल्या मापातच मिसळा. दुकानातली रंगीत "एनर्जी" पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, ती बहुतांशी साखरच.

साध्या पाण्याचा कंटाळा येतो, खरं आहे. मग बिनसाखरेचं लिंबूपाणी, पातळ ताक, किंवा कोकमाची आगळ पाण्यात घालून चिमूटभर मीठ. हॉटेलात "कोकम सरबत" मागितलं की पाकातलं येतं. म्हणून "आगळ आहे का, साखर न घालता" असं विचारा. घरगुती खानावळीत बहुधा देतात. सोलकढी चांगली, पण तीत नारळाचा रस असतो, म्हणजे ते पाणी नव्हे, अन्न आहे. अर्धी वाटी, जेवणानंतर अर्ध्या तासाने, चवीपुरती. शहाळं दिवसाला एक चालतं. बायपासवाल्यांनी तेही एका दमात संपवू नये, कारण शहाळ्यात साखर असते, सौम्य असली तरी.

बर्फ आणि उघडं पाणी टाळा. जठरातलं आम्ल बाहेरून येणारे जंतू मारत असतं. ऑपरेशनने आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी ती राखण सैल पडते. इतरांना एक दिवस त्रास होईल, आपल्याला तीन.

सकाळ: पोदेर येतो तेव्हा

सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो आणि गरम उंड्यांचा (गोल पावांचा) वास घरभर पसरतो. हा क्षण सोपा नाही. ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात पणजीच्या एका जुन्या हॉटेलात पातळ भाजी आणि ताजा पाव समोर आला आणि मी सगळे नियम विसरले. तिसऱ्या घासाला छातीत दगड अडकल्यासारखं झालं, तोंडात फेस जमायला लागला आणि मी वीस मिनिटं बेसिनपाशी उभी. मऊ, ताजा पाव लाळेत भिजून कणकेचा गोळा होतो आणि अरुंद जागेत बसतो. दोष पावाचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

पाव खायचाच तर पोई घ्या. कोंड्याची, आतून पोकळ असते. ती उघडून आतला मऊ भाग काढा आणि वरचा पापुद्रा तव्यावर कडक भाजून घ्या. चतुर्थांश पोई आधी दोन अंडी खाऊन झाल्यावर. रॉस ऑम्लेट हा आपला नाश्ता होऊ शकतो: ऑम्लेट खा, वरचा शागुतीचा रस्सा दोन चमचे चवीला ठेवा, पाव सोबतच्यांना द्या. हॉटेलात बुफे असेल तर आधी बशी न घेता एक चक्कर मारा. अंडी, पनीर, दही, उकडलेली कडधान्यं यांतलं काय आहे ते बघा आणि मगच बशी उचला.

ऑपरेशनला फार दिवस झाले नसतील, किंवा आदल्या दिवशी पोट बिघडलं असेल, तर पेज मागा. उकड्या तांदळाची पेज हे इथलं जुनं, साधं अन्न. तीत प्रथिन नगण्य असतं, म्हणून ती पोट सावरण्यापुरतीच. शेजारी अंडं हवंच.

दुपार: मासे

दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हे आपलं बंधन असतं, आणि गोव्यात ते पाळणं सुखाचं आहे. शिजलेल्या माशाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 20 ग्रॅम प्रथिन धरा, अंड्यात सहा. सकाळी दोन अंडी, दुपारी इसवणाचा एक तुकडा, संध्याकाळी शेकर, रात्री पुन्हा मासा किंवा पनीर, की सत्तरच्या घरात जाता.

अडचण थाळीची असते. फिश थाळी म्हणजे भाताचा डोंगर, हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, भाजी, तळलेला मासा, सोलकढी. तुम्ही फार तर पाचवा हिस्सा खाल. पुष्कळ ठिकाणी एक थाळी दोघांत चालत नाही असं भिंतीवर लिहिलेलंच असतं. वाद घालू नका. सोबतच्यांनी थाळी घ्यावी, तुम्ही "एक पीस फ्राय, वेगळा" आणि "वाटीभर सुकं" असं मागवा. ऑर्डर देताना सांगा: रवा नको, कमी तेलात तव्यावर. रव्याचं कवच तेल पितं, आणि सुकलं की घशात टोचतं. रेशाद मसाला भरलेला मासा अप्रतिम लागतो, पण त्यात मिरची आणि व्हिनेगर दोन्ही असतं. माझ्यासारख्या स्लीव्हवाल्यांना मुळात आम्लपित्ताचा त्रास असतो, तेव्हा तो मसाला अर्धा खरवडून बाजूला काढावा. मी काढते, आणि दर वेळी वाईट वाटतं.

मासा निवडताना काटा आणि मांस दोन्ही बघा. इसवण, म्हणजे तुमची सुरमई, आणि चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, यांचे तुकडे मोठे आणि काटे मोठे, दिसणारे. मुडदुशी सगळ्यांत मऊ, पहिल्या महिन्यांत तीच बरी. बांगडा चांगला, पण तो सवयीने खाणाऱ्याने खावा. तारली-पेडव्यांचे बारीक काटे आपण पूर्वी चावून गिळत होतो, ती सवय आता मोडा. कोळंबी बेताची शिजलेली असेल तर छान, जास्त शिजली की रबर. माणकी (स्क्विड) बहुतेक वेळा रबरच असते. तिसऱ्या छोट्या असल्या तरी चिवट असतात, एकेक खा. कच्ची किंवा अर्धी शिजलेली कालवं कुणी कितीही कौतुकाने पुढे केली तरी नको.

क्रम ठरलेला: आधी मासा, मग भाजी, मग जागा उरली तर हुमणात कुस्करलेला दोन चमचे भात. घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, मध्ये चमचा खाली ठेवायचा. पूर्ण जेवण वीस ते तीस मिनिटांत. नाक वाहू लागणं, उचकी, छातीच्या हाडामागे दाटणं, यांतलं काहीही झालं की थांबा, बशीत शेवटचा एकच घास राहिला असला तरी. कोरडा तळलेला मासा अडकत असेल तर हुमण वर घाला. ओलं केलेलं बरं उतरतं.

चोरीस, सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या पदार्थांत चरबी फार. वजन झपाट्याने उतरत असताना पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून काहींना पहिले सहा महिने त्यासाठी गोळीही देतात. अशा पोटावर चरबीचा मारा केला आणि उजव्या बरगडीखाली कळ आली तर नवल नको. काफ्रियालचा कोंबडीचा तुकडा त्यापेक्षा शंभरपट बरा, फक्त छातीचं कोरडं मांस घेऊ नका, ते अडकतं.

मासे-मांस न खाणाऱ्यांनी नाउमेद होऊ नये. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा या बाजूला आलात तर आमच्या फोंड्याच्या शाकाहारी जेवणात मुगागाठी, आळसाण्याचं तोणक, खतखतं मिळतं. मुगागाठी म्हणजे मोड आलेले मूग आणि ओलं खोबरं. ती वाटीभर, वर दही. खतखत्यात कंद फार, ते चवीपुरतं. पनीर सोबत ठेवा, नाहीतर प्रथिनांचा हिशेब बसत नाही.

आणि आग्रह. "एवढंसंच? अगं, पाखरं जास्त खातात!" हे इथेही होतं, कोल्हापुरातही होतं. ऑपरेशन झालंय हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी अनोळखी घरी "डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय" एवढंच म्हणते, आणि वाढून घेताना वाटी पुढे करते, ताट नाही. वाटीत दुसऱ्यांदा वाढून घेतलं की यजमानीण खूश होते. पहिल्यांदा किती घेतलं होतं ते कुणी मोजत नाही.

गोडाधोडाचं आणि त्या काजूच्या रसाचं

मावसभाऊ बायपासनंतर पहिल्यांदा आला तो एप्रिलमध्ये. आमच्या ओळखीच्यांच्या कुळागरात (बागायतीत) भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी, लागली होती. तिथे काजूचे बोंडू मळून रस काढतात आणि चेंदलेल्या लगद्यातून हळूहळू निथळतो तो नीरो, गोड, वासाचा, दारूचा थेंब नसलेला. "फळाचाच रस की" म्हणत त्याने पेलाभर घेतला. पंधरा मिनिटांत चेहरा पांढरा, घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. पोफळीच्या सावलीत चटई घालून त्याला आडवं केलं. तासाभराने उठला आणि म्हणाला, मेलो असं वाटलं.

याला डम्पिंग म्हणतात. साखर एकदम लहान आतड्यात जाऊन पडते, आतडं ती पातळ करायला शरीरातलं पाणी ओढून घेतं. हे खाल्ल्यापासून साधारण दहा मिनिटं ते अर्ध्या तासात होतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: भरमसाट इन्शुलिन सुटून रक्तातली साखर खाली जाते, हात कापतात, घाम येतो, डोकं हलकं होतं. पहिल्यात आडवं व्हा, नंतर घोटाघोटाने पाणी. दुसऱ्यात थोडं ग्लुकोज किंवा साखर आणि पाठोपाठ अंडं किंवा पनीर. वारंवार झालं तर घरी गेल्यावर डॉक्टरांना सांगाच. बायपासमध्ये हे जास्त दिसतं, पण स्लीव्हवाल्यांनी हसू नये, आपल्यालाही होतं.

बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाला 2023 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, थरावर थर, नारळाचं दूध, अंड्याचा बलक, तूप, साखर. चव बघायचीच तर जेवणात प्रथिन खाऊन झाल्यावर एकाच थराचा एक चमचा, दुसऱ्याच्या बशीतून. आपली बशी मागवली की ती आपली होते. सेरादुरा मात्र मी चाखतसुद्धा नाही. क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि बिस्किटाचा भुगा, काहीच चावावं लागत नाही, आणि माझा हात तिथे थांबत नाही हे मला माहीत आहे.

हुर्राक, फेणी आणि "एकच बिअर"

इथे माझं मत कडक आहे: पहिलं वर्ष दारू नको. बहुतेक सर्जन सहा महिने ते वर्ष सांगतात, मी वर्षच धरते.

जठराच्या अस्तरात दारूचा काही भाग मोडणारं विकर असतं. जठरच उरलं नाही, किंवा वाटेतून वगळलं गेलं, की ती चाळणी जाते. शिवाय दारू झटक्यात लहान आतड्यात उतरते, म्हणून रक्तातलं प्रमाण लवकर चढतं, जास्त चढतं आणि उतरायला जास्त वेळ घेतं. पूर्वी तीन पेगनंतर जे व्हायचं ते एकात होतं. त्यात आपण कमी जेवलेलो असतो आणि दारू यकृतातून साखर सुटू देत नाही. मग पडलेला माणूस दारूने पडलाय की साखर उतरल्याने, हे सोबतच्यांना कळत नाही.

हंगामात हुर्राक "हलकी" म्हणून हातात दिली जाते. हिशेब करून बघा. फेणीत साधारण 42.8 टक्के मद्य, म्हणजे 60 मिलीच्या पेगात सुमारे 20 ग्रॅम. हुर्राकात साधारण 15 टक्के, पण ती पेल्याने पितात: 200 मिलीत जवळपास 24 ग्रॅम. पाच टक्क्यांच्या 650 मिलीच्या बिअरच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वर. म्हणजे हलकी म्हणून घेतलेला पेलाच जड पडतो. हुर्राकात लिंबाचा सोडा ओततात, त्याची साखर आणि गॅस वेगळे. गॅसने लहान पोट फुगतं, दुखतं, आणि साध्या सोड्यालाही माझा नकार असतो.

फेणीचं कौतुक आम्हालाही आहे. काजूच्या फेणीला 2009 साली जीआय मिळालं आणि 2016 मध्ये सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. वर्ष उलटून गेलं असेल, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल आणि चव घ्यायचीच असेल, तर जेवणानंतर तासाभराने 15 ते 20 मिली, बिनगॅसच्या पाण्यात, बसून, आणि ओळखीचं माणूस शेजारी असताना. त्या दिवशी गाडी नाही. भाड्याची स्कूटर तर नाहीच. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि आपण ती एका पेगातच ओलांडू शकतो, स्वतःला ठीक वाटत असतानाही.

अजून एक, जरा नाजूक. अमेरिकेत सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं दिसलं, बायपासवाल्यांत विशेष. खाण्यातून मिळणारा दिलासा गेला की मन दुसरीकडे शोधतं. सुट्टी संपल्यावरही संध्याकाळी सातला हात ग्लासाकडे जात असेल तर लाजू नका, डॉक्टरांशी बोला.

हातात काहीतरी हवं असतं, हे मला मान्य आहे. उंच ग्लासात लिंबू, पुदिना, पाणी, चिमूटभर मीठ. कुणी विचारत नाही.

रात्री शॅकवर उशिरापर्यंत बसणं होतं. जेवण मात्र आठच्या आत आटपा. स्लीव्हवाल्यांनी जेवून दोन-तीन तास आडवं होऊ नये, नाहीतर रात्रभर घशात आंबट.

बिघडलंच तर

डॉल्फिन दाखवायच्या बोटीत उलटी झाली, तर काळजी नाही. पण पाण्याचा घोटही टिकत नसेल आणि तसं चोवीस तास चाललं, तर इस्पितळात जा. सततच्या उलट्यांत बी-1 जीवनसत्त्व संपत जातं आणि त्याचा परिणाम मेंदूवर, नसांवर होतो. म्हणून नुसती ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायामिन द्यायला हवं, हे तिथल्या डॉक्टरांना आठवण म्हणून सांगायला हरकत नाही. पोटात असह्य कळ, न थांबणारी धडधड, ताप, काळी शी, यांत "सकाळपर्यंत बघू" करू नका. बायपासनंतर वर्षा-दोन वर्षांनीही आतडं अडकू शकतं आणि तिथे तास महत्त्वाचे.

रुग्णवाहिकेसाठी 108. मोठं सरकारी इस्पितळ म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. उत्तरेत म्हापशाला आणि दक्षिणेत मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. पोहोचल्यावर पहिलं वाक्य ऑपरेशनचं नाव आणि तारीख. दुसरं, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको. तिसरं, नाकातून नळी घालायची वेळ आली तर आधी सर्जनशी बोला, ऑपरेशन ताजं असेल तर विशेष. पाकिटातला तो कागद यासाठीच.

परतताना

काजूगर सगळेच नेतात. 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास कॅलरी, आणि गाडीत पाकीट फुटलं की सावंतवाडीपर्यंत संपतं. सीलबंद पाकिटं घ्या, सुटकेसच्या तळाशी घाला आणि वर ओले टॉवेल टाका. घरी पोहोचल्यावर वजनकाट्यावर लगेच उभे राहू नका. बाहेरच्या मिठाने अंगात पाणी धरलेलं असतं. तीन-चार दिवस नेहमीचं खा-प्या, गोळ्यांची डबी पुन्हा भरा, मग बघा.